जावक झालेले, पण न गेलेले पत्र



सरकारी कचेरीत काम केलेल्या प्रत्येकास जावक नोंदवही परिचित असते. पत्रावर सही झाली, नोंदवहीत जावक क्रमांक पडला, की पत्र गेले अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. प्रत्यक्षात ते पत्र शिपायाच्या पिशवीत असू शकते, किंवा तिकिटांची वाट पाहत मेजावर पडलेलेही असू शकते. ई-मेलच्या बाबतीत ही समजूत अधिकच घट्ट झालेली आढळते. 'सेंड' हे बटण दाबताच पत्र डोळ्यांसमोरून नाहीसे होते आणि नाहीसे झालेले पत्र पोहोचलेच असणार असे गृहीत धरले जाते. पुष्कळदा ते त्याच संगणकातील 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात स्वस्थ बसलेले असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या गोष्टीची किंमत रोज मोजावी लागते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारात मोटारींचे, स्कूटरींचे व यंत्रसामग्रीचे कारखाने उभे राहिले. पुढे हा विस्तार खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांपर्यंत पोहोचला. मोठ्या कारखान्यांची नावे सर्वांस ठाऊक असतात. त्यांना सुटे भाग पुरविणारी हजारो लहान वर्कशॉपे मात्र एकेका गाळ्यात चालतात. त्या गाळ्यात बहुधा एकच संगणक असतो आणि हिशेब, बिले, चलने व ई-मेल हे सारे एकच कारकून सांभाळतो. कोटेशन ई-मेलने जाते, ड्रॉइंग ई-मेलने येते, मालाच्या तपासणीचा अहवाल आणि बिलाची प्रतही ई-मेलनेच मागितली जाते. मालाची गाडी चाकणच्या तळेगाव चौकात वाहतुकीत अडकली तर ती सर्वांना दिसते. आउटबॉक्समध्ये अडकलेले कोटेशन कोणालाच दिसत नाही, आणि मुदत टळल्यावर काम दुसऱ्या कारखान्यास गेलेले असते.

हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जास ३० दिवसांत उत्तर देणे ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. तिसाव्या दिवशी सायंकाळी 'सेंड' दाबून कार्यालयास कुलूप लावले आणि पत्र आउटबॉक्समध्येच राहिले, तर उत्तर दिले असे म्हणता येईल काय? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ मध्ये याचा निर्णय दिलेला आहे. उभयपक्षी वेगळे ठरलेले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक साधनात प्रविष्ट होतो, तेव्हाच तो रवाना झाला असे धरले जाते. आउटबॉक्स हा पाठविणाऱ्याच्या स्वतःच्या नियंत्रणातला कप्पा आहे. तेथे पडलेले पत्र कायद्याच्या दृष्टीने रवाना झालेलेच नसते.

येणारे दार व जाणारे दार

आउटलुक, थंडरबर्ड यांसारखे जे प्रोग्राम संगणकावर बसविलेले असतात, त्यांच्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते: "पत्रे येतात, मग जात का नाहीत?" येणे आणि जाणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे या तक्रारीचे उत्तर होय. आलेली पत्रे आणण्यासाठी हा प्रोग्राम 'पॉप' किंवा 'आयमॅप' या पद्धतीने एका सर्व्हरकडे जातो. पत्रे पाठविण्यासाठी 'एसएमटीपी' या पद्धतीने बहुधा दुसऱ्याच सर्व्हरचे दार ठोठावतो. दोहोंची नावे वेगळी, दारांचे म्हणजे पोर्टांचे क्रमांक वेगळे, आणि ओळख पटविण्याची व्यवस्थाही स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. म्हणून पत्रे येत आहेत एवढ्यावरून जाण्याची वाट मोकळी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यावरून इंटरनेटची जोडणी चालू आहे, एवढे मात्र निश्चित कळते, आणि तपासाच्या आरंभी तेही थोडे नव्हे.

एसएमटीपीचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच वर्षी, ११ ऑक्टोबरला, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. नगराचा कायापालट झाला, पण या नियमांचा मूळ गाभा मात्र आजही तोच आहे. दोन संगणक एकमेकांशी पोस्टाच्या खिडकीवर बोलावे तसे बोलतात. पाठविणारा आपले नाव सांगतो, पत्र कोणाकडून आहे ते सांगतो, कोणास द्यावयाचे ते सांगतो आणि मग मजकूर हवाली करतो. प्रत्येक वाक्यास सर्व्हर तीन आकडी क्रमांकाने उत्तर देतो. २५० म्हणजे मान्य. मजकूर संपल्यावर शेवटचा २५० मिळाला, की मगच पत्र आउटबॉक्समधून 'सेंट' या कप्प्यात जाते. हा शेवटचा २५० म्हणजे पोस्टाचा शिक्का समजावा.

बिघाड झाला की पडद्यावर जो इंग्रजी संदेश येतो, तो न वाचताच बंद करण्याची सवय फार सार्वत्रिक आहे. त्या संदेशात बहुधा हाच क्रमांक दडलेला असतो. क्रमांक ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, असा अर्थ होतो. ४२१ हा त्यातलाच. क्रमांक ५ ने सुरू होत असेल तर सर्व्हरने स्पष्ट नकार दिला आहे, आणि काही बदल केल्यावाचून तेच पत्र दहा वेळा पाठविणे व्यर्थ आहे. ५३५ म्हणजे नाव वा पासवर्ड मान्य झाला नाही. ५३० म्हणजे ओळख पटविल्याशिवाय पत्र घेता येत नाही. ५५० बहुधा प्राप्तकर्त्याचा पत्ता अस्तित्वात नसल्याचे किंवा पत्र नाकारल्याचे दर्शवितो. ५५२ म्हणजे पत्राचा आकार अथवा साठा मर्यादेबाहेर गेला. दुरुस्त करणाऱ्यास बोलाविण्यापूर्वी हा संदेश जसाच्या तसा कागदावर उतरवून घेतला तर निम्मे काम झालेले असते. डॉक्टरकडे जाणारा रोगी ताप किती हे सांगतो. संगणकाच्या बाबतीत मात्र "चालत नाही" एवढेच सांगण्याची आपली रीत आहे.

क्रमांकच आला नाही, केवळ 'सर्व्हर सापडत नाही' किंवा 'वेळ संपली' असे शब्द आले, तर संभाषणास आरंभच झालेला नाही असे समजावे. मग जोडणी, सर्व्हरचे नाव किंवा पोर्ट यांकडे वळावे. पूर्वी पत्रे पोर्ट २५ वरून जात. तोतया व जाहिराती पत्रांचा सुळसुळाट झाल्याने इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांनी सामान्य ग्राहकांसाठी ते दार बंद केले. ग्राहकांची पत्रे स्वीकारण्यासाठी पोर्ट ५८७ ची सोय १९९८ साली ठरली. काही सर्व्हर ४६५ वापरतात. कारखान्याने इंटरनेटची कंपनी बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रे जाणे थांबले, असे घडले तर जुन्या मांडणीत २५ हा आकडा राहिला आहे काय, हे प्रथम पाहावे.

काहीही न बदलता बिघडलेले

"काल चालत होते, आम्ही काही हात लावलेला नाही" हे वाक्य पुष्कळदा अगदी खरे असते. हात दुसऱ्याने लावलेला असतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व पासवर्ड यांवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना प्रवेश देणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तसाच निर्णय अमलात आणला. पासवर्ड बरोबर असूनही ५३५ येतो आणि बिचारा कारकून तो पुनःपुन्हा टंकित करीत राहतो. गूगलच्या खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा स्वतंत्र 'अॅप पासवर्ड' घेता येतो आणि तो जुन्या प्रोग्राममध्ये भरता येतो. नवीन पद्धतीचा प्रवेश जाणणारा प्रोग्राम बसविणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांसाठी तोच धरावा लागतो.

जुन्या संगणकांची आणखी एक अडचण आहे. पत्र वाटेत कोणी वाचू नये म्हणून ते टीएलएस या पद्धतीने गुप्त करून पाठविले जाते. तिच्या १.० व १.१ या आवृत्त्या २०२१ साली त्याज्य ठरविण्यात आल्या. वर्कशॉपमधला संगणक 'यंत्राला जोडलेला आहे, बदलू नका' या कारणाने वर्षानुवर्षे तसाच ठेवला जातो. विंडोज ७ ला मिळणारे संरक्षण जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यंत्रासाठी जुना संगणक ठेवणे समजण्यासारखे आहे. त्याच संगणकावरून ग्राहकांशी पत्रव्यवहार करण्याचे मात्र कारण नाही.

संगणकाच्या घड्याळाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते आणि संगणक बंद असताना ती घड्याळ चालू ठेवते. ती संपली की वीज गेल्यानंतर तारीख अनेक वर्षे मागे जाते. सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असते. संगणकाच्या मते आज त्या कालमर्यादेबाहेरचा दिवस असल्याने तो सर्व्हरवर विश्वास ठेवीत नाही आणि जोडणी तोडतो. औद्योगिक वसाहतीत गुरुवारी साप्ताहिक सुटी आणि विजेच्या दुरुस्तीची कामे असतात. शुक्रवारी सकाळी पत्रे जात नाहीत अशी तक्रार आली तर पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचावी. बॅटरीस फारसा खर्च येत नाही.

जड जोडपत्रांचा विषय थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पत्रासोबत जाणारी फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि तिचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. २० एमबीचे ड्रॉइंग वाढून सुमारे २७ एमबी होते आणि सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी असल्यास अडते. पुष्कळ प्रोग्राममध्ये असे एक पत्र अडले की त्यामागची लहान पत्रेही रांगेत खोळंबतात. प्रोग्राम ऑफलाइन करावा, जड पत्र मसुद्यांच्या कप्प्यात हलवावे, मग पुन्हा ऑनलाइन व्हावे. नेमके उलटही घडते: 'वर्क ऑफलाइन' हे बटण चुकून दाबले गेलेले असते आणि कारण शोधण्यात दिवस जातो. आउटलुकच्या आउटबॉक्समधील पत्र "गेले का" म्हणून उघडून पाहिले तर ते पाठविण्याच्या रांगेतून बाहेर पडते व पुन्हा 'सेंड' दाबावे लागते, हेही कारकुनास सांगून ठेवावे.

दोष कोठे आहे हे ठरविण्यास एक सोपी कसोटी आहे. दोन शब्दांचे, जोडपत्र नसलेले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे. ते न गेल्यास तेच पत्र ब्राउझरमध्ये टपालपेटी उघडून पाठवावे. तेथून गेले तर खाते ठीक आहे, दोष संगणकावरील प्रोग्राममध्ये, त्याच्या मांडणीत, किंवा जाणारी पत्रे तपासणाऱ्या अँटिव्हायरसमध्ये आहे. तेथूनही गेले नाही तर प्रोग्राम पुसून पुन्हा बसविण्याचा खटाटोप करू नये. खात्याचा साठा भरला आहे काय, किंवा खाते रोखले गेले आहे काय, हे पाहावे. संगणकात शिरलेला विषाणू मालकाच्या नकळत शेकडो पत्रे पाठवू लागला तर असे रोखले जाणे संभवते. एकाच इंटरनेट जोडणीवर अनेक गाळे चालत असतील, तर एकाच्या दोषाने सर्वांचा पत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो. या गडबडीत दूरध्वनीवरून पासवर्ड मागणाऱ्या कोणासही तो देऊ नये. 'आपली टपालपेटी भरली, येथे दाबा' अशी पत्रे नेमक्या अशाच वेळी खरी वाटतात.

सर्व्हरांची नावे, पोर्ट, प्रोग्रामची आवृत्ती आणि शेवटचा बदल केव्हा व कोणी केला, हे एका वहीत लिहून ठेवण्याची प्रथा प्रत्येक शाळेत, ग्रामपंचायतीत व कारखान्यात असावी. पासवर्ड मात्र त्या वहीत नसावा. सायंकाळी कार्यालय बंद करताना आउटबॉक्स रिकामा आहे हे पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. महत्त्वाच्या पत्राच्या बाबतीत 'सेंट'मध्ये नोंद दिसल्यावरही पोच मागवावी, कारण शेवटचा २५० म्हणजे आपल्या पोस्टाने पत्र स्वीकारले एवढेच. पुढच्या पोस्टाने नाकारलेले पत्र 'मेलर-डीमन' या नावाने परत येते, आणि ते जाहिरात समजून पुसले जाते.

अडकलेले पत्र मुदतीनंतर सापडले, तर ते गुपचूप पुढे ढकलून जुनी तारीख दाखविण्याचा मोह टाळावा. पत्रावर दिसणारी तारीख पाठविणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळावरून पडते, परंतु पत्राच्या आतील मथळ्यात वाटेतील प्रत्येक सर्व्हर 'रिसीव्ह्ड' या ओळीत आपली वेळ नोंदवितो. ती पाठविणाऱ्यास बदलता येत नाही आणि प्राप्तकर्त्यास कधीही वाचता येते. प्रथम दूरध्वनी करून वस्तुस्थिती सांगावी, मग विलंबाचे कारण नमूद करून पत्र नव्याने पाठवावे, आणि पडद्यावर आलेल्या त्रुटी-संदेशाचे छायाचित्र त्याच धारिकेत जोडून ठेवावे.