सार्वजनिक फोनवर लावलेला कान



रेडिओवरून टीव्हीच्या मालिकेबद्दल बोलायचं म्हणजे जरा उलटाच कारभार. पण आजची मालिका बघण्याइतकीच ऐकण्याची आहे. तिचं नाव ‘द वायर’. वायर म्हणजे पोलिसांनी संशयितांच्या फोनला जोडलेली तार. २ जून २००२ रोजी अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीवर तिचं पहिलं पर्व सुरू झालं आणि तेरा भागांनंतर सप्टेंबरमध्ये संपलं. मी बोलणार आहे ते या पहिल्या पर्वाबद्दलच.

शहर आहे बाल्टिमोर. वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावरचं बंदर. तिथले कारखाने बंद पडत गेले, कामं गेली, आणि शहराच्या पश्चिम भागातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत हेरॉइनचा धंदा हाच मोठा रोजगार होऊन बसला. मालिका लिहिणारे डेव्हिड सायमन ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकात गुन्हेगारीचे वार्ताहर होते. त्यांचे जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस खात्यात हत्यांचा तपास करायचे, मग शाळेत शिक्षक झाले. फोन चोरून ऐकून टोळ्या पकडण्याचं काम बर्न्स यांनी स्वतः केलेलं होतं. म्हणून या तपासात जादू नाही, आणि कंटाळाही खरा आहे.

सुरुवातीलाच डिअँजेलो बार्क्सडेल नावाचा तरुण खुनाच्या खटल्यातून सुटतो, कारण साक्षीदार बाई भर कोर्टात जबानी फिरवते. डिअँजेलो टोळीप्रमुख एव्हनचा भाचा. सुटला तरी मामा त्याची पायरी उतरवतो: उंच इमारतींमधला मोठा धंदा काढून घेतो आणि बैठ्या घरांच्या चौकातला छोटा देतो. त्या चौकात उघड्यावर एक नारिंगी सोफा पडलेला आहे. तेच त्याचं ऑफिस.

या ऑफिसची शिस्त बघण्यासारखी आहे. पैसे एक पोरगा घेतो, माल दुसराच देतो, साठा तिसरीकडे दडवलेला असतो. म्हणजे कोणालाही पकडा, हातात पैसे आणि माल एकदम सापडायचा नाही. चौकात मोबाइल वापरायचा नाही. पेजर आणि सार्वजनिक फोन, एवढंच. पेजरवर नंबरही सरळ पाठवायचा नाही. फोनच्या बटणांवर मधल्या पाचावरून उडी मारायची: एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ, आणि पाचाच्या जागी शून्य. शाळा सोडलेल्या पोरांना हे तोंडपाठ. पोलिसांत ते कोडं सुटतं कोणाला? ज्याला सगळ्यांनी कुचकामी म्हणून बाजूला सारलंय, त्याला.

पोलिसांची बाजूही तितकीच मजेशीर. न्यायाधीशांनी कान उपटले म्हणून वरिष्ठ नाइलाजाने पथक नेमतात, आणि प्रत्येक विभाग त्यात आपला नको असलेला माणूस ढकलतो. बसायला तळघर. एका प्रसंगात दारात टेबल अडकतं आणि दोन्ही बाजूंचे पोलीस घाम गाळत ढकलत राहतात. बऱ्याच वेळाने कळतं, की निम्मे ते आत आणतायत आणि निम्मे बाहेर नेतायत. सरकारी कचेरीत काम केलेल्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. याच पथकात लेस्टर फ्रीमन आहे. वरिष्ठांचं न ऐकल्याबद्दल त्याला तेरा वर्षं गहाणवटीच्या दुकानांची कागदपत्रं तपासायला बसवलेलं होतं. एव्हनचा एकही फोटो पोलिसांकडे नसतो. हा गप्प माणूस बाहेर पडतो आणि मुष्टियुद्धाच्या एका जुन्या पोस्टरवर त्याचा चेहरा शोधून आणतो.

आता मूळ मुद्दा, ऐकण्याचा. आपल्याकडे फोन ऐकायची परवानगी गृहसचिव देतात. तिथे न्यायाधीशांची मंजुरी लागते. इतर मार्ग खुंटलेत हे आधी दाखवावं लागतं. त्यातून फोन सार्वजनिक. कोणी बाई आईशी बोलत असेल, तर ते ऐकायचं नाही. म्हणून एकजण छपरावर बसून फोनपाशी कोण उभं आहे ते बघतो, आणि त्याने सांगितल्यावर खालचे टेप सुरू करतात. आपल्या ‘सीआयडी’त दार मोडलं की गुन्हा सुटतो. इथे आठवडेच्या आठवडे नोंदवह्या भरतात. मला या पर्वाचं मोठेपण इथेच वाटतं. इतकं ऐकल्यावर पोलिसांना आणि आपल्यालाही वस्तीतली माणसं आवाजावरून ओळखू यायला लागतात, आणि मग ती नुसती आरोपी राहत नाहीत.

वॉलेसचंच घ्या. सोळा वर्षांचा पोरगा. पडक्या घरात लहान मुलांना सांभाळतो, सकाळी त्यांना खाऊ देऊन शाळेत पाठवतो. त्याने फोनवरून दिलेल्या एका खबरीमुळे एका तरुणाचा हाल हाल करून खून होतो. ते प्रेत बघितल्यावर वॉलेस आतून मोडतो आणि पोलिसांशी बोलतो. पुढे त्याचेच दोन मित्र टोळीच्या हुकमावरून त्याला मारतात. वीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा शेवट सांगितल्याचा राग नसावा. वॉलेस झालेला मायकेल बी. जॉर्डन पुढे मोठा नट झाला. टोळीचा हिशेबी कारभारी स्ट्रिंगर बेल झालेला इद्रिस एल्बा तर मूळचा लंडनचा, पण ऐकताना शंकाही येत नाही.

फ्रीमन पैशाचा माग काढत राजकारण्यांच्या देणग्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा मात्र वरिष्ठांना अचानक तपास आवरायची घाई होते. डिअँजेलोला वीस वर्षं, एव्हनला सात. स्ट्रिंगर मोकळाच. हट्टाने तपास लावून धरणाऱ्या मॅकनल्टीची बदली थेट बंदरातल्या गस्ती बोटीवर.

बघणार असाल तर एक सूचना. बोली अवघड आहे, तेव्हा खालची अक्षरं चालू ठेवा. पात्रं काही समजावून सांगत नाहीत, भावना सुचवायला मागे वाद्यंही वाजत नाहीत. पहिले दोन भाग गोंधळायला होईल, चौथ्यापर्यंत थांबा. एकूण पर्वं पाच आहेत, आणि दुसरं ही वस्ती बरीचशी मागे ठेवून गोदी कामगारांकडे वळतं. पण पहिलं एवढंच पाहिलंत, तरी गोष्ट अर्धवट राहत नाही.