समुद्रकाठचे सण आणि पोलादाचे गाव

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भिलाईत राहून समुद्रकाठच्या सणांविषयी बोलावयाचे, म्हणजे विहिरीच्या काठी बसून गलबतांच्या गोष्टी सांगण्यासारखे काहींना वाटेल. परंतु ज्या प्रश्नाने मला या विषयाकडे वळविले तो प्रश्न भिलाईतच निर्माण झालेला आहे. पोलादाच्या कारखान्याला ऋतू नसतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले आणि तेव्हापासून या गावाचा दिवस सूर्यापेक्षा कारखान्याच्या पाळ्यांवर अधिक अवलंबून राहू लागला. झोतभट्टी एकदा पेटली की ती धगधगत ठेवावीच लागते. तिला पावसाळा कळत नाही, थंडी कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणाचा ना कुणाचा बाप तिसऱ्या पाळीला गेलेला असतोच. अशा गावात वाढणाऱ्या मुलांना ऋतू कळावा कसा, आणि सण म्हणजे सुटी व रोषणाई यांहून काही निराळी वस्तू आहे हे त्यांना समजावे कसे, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला मालवण आठवते. मालवण माझे आजोळ, हे त्याचे एक कारण. पण तेवढेच नव्हे. ज्या गावाचे सण ऋतूने ठरविले आहेत आणि ज्या सणांत घरातल्या आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत प्रत्येकाला काही काम नेमून दिलेले आहे, असे गाव मी मालवणइतके जवळून दुसरे पाहिलेले नाही.

मालवणच्या वर्षाची खरी सुरुवात पाडव्याला होत नाही, ती नारळी पौर्णिमेला होते असे म्हटले तरी चालेल. मृगाचा पाऊस आला की समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकल्या जातात आणि दर्यावर जाणारा माणूस घरी बसून जाळी विणतो, तुटकी जाळी सांधतो. हल्ली या विश्रांतीला कायद्याचेही बळ मिळाले आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते, कारण हा काळ बहुतेक माशांच्या विणीचा होय. मात्र कायद्याच्या पुष्कळ आधीपासून हे काम पंचांग करीत आले आहे. श्रावणी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात लोटावयाची नाही, हा संकेत जुना आहे. त्यामागे श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेच्या पोटात अनुभवाचे शहाणपण दडलेले आहे.

त्या दिवशी दुपार कलली की सारे गाव बंदराकडे निघते. समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधविलेला सिंधुदुर्ग उभा असतो. किल्ल्याचा मानाचा नारळ आधी, मग गावाचा, असा क्रम आहे. व्यापारी येतात, मच्छीमार येतात, नवी लुगडी नेसून बायका येतात. आणि मुले? मुलांना तेथे बघे म्हणून उभे राहावे लागत नाही. नारळ लढविण्याचा खेळ हा त्या दिवसाचा प्राण आहे. दोघांनी आपापले नारळ हातात धरावयाचे आणि एकाने दुसऱ्याच्या नारळावर आपटावयाचे. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत जातो. या खेळाला पंच लागत नाही, पैसा फारसा लागत नाही. लागते ती पारख. चार दिवस आधीपासून पोरे दुकानादुकानांतून नारळ कानाशी धरून, नखाने वाजवून निवडीत असतात. कोणता कवचाने जाड, कोणत्याचे टोक कणखर, ही विद्या आजोबा नातवाला शिकवितात. संध्याकाळी जिंकलेल्या खोबऱ्याचा नारळीभात होतो. त्या भाताला पोराच्या मनगटाची चव असते, असे माझी आजी म्हणत असे.

पुढे भाद्रपद येतो. कोकणातल्या घरात गणपतीच्या डोक्यावर लाकडाची एक चौकट टांगलेली असते. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. तिला बांधावयाच्या वस्तू बाजारात विकत घेण्याची मूळची रीत नव्हे. कवंडाळाची तांबडी फळे, शेरवडाची पांढरी पाने, तेरड्याची फुले, आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, हे सारे रानावनांतून हिंडून आणावे लागते आणि ते आणण्याचे काम मुलांचे. आदल्या दिवशी चिखलातून, काट्यांतून भटकून आलेल्या मुलाला वनस्पतींची जी ओळख होते ती पाठ्यपुस्तकाने होणार नाही. रात्री भजनी मंडळी घरोघर फिरतात, बायका फुगड्या घालतात, आणि मुंबईचा चाकरमानी वर्षभराचा थकवा विसरून टाळ हाती घेतो.

दिवाळीच्या पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर-नारायणाची पालखी किनाऱ्याने आणि बाजारपेठेतून फिरते. तिच्यासाठी पेठ उजळून निघते, दुकानदार दारात रांगोळ्या घालतात. त्यानंतर देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात आणि त्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो. आईच्या मांडीवर पेंगणारे मूल संकासुराच्या आरोळीने दचकून जागे होते आणि पुन्हा झोपी जाते. नाटकाशी त्याची पहिली ओळख अशी होते. शेतीची कामे आटोपली की जवळच्या मसुरे गावातील आंगणेवाडीची जत्रा येते. भराडी देवीच्या या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दरवर्षी दिवस निश्चित केला जातो. लाखो माणसे लोटतात, परंतु देवीचा प्रसाद आंगणेवाडीच्या घरांतील स्त्रिया मौन पाळून रांधतात. बाहेर एवढा कोलाहल आणि चुलीपाशी एवढी शांतता! उत्सवाचा गाभा कोठे असतो ते या एका गोष्टीवरून ध्यानात यावे.

या सणांबरोबरच रापणीचाही उल्लेख केला पाहिजे. रापण हा सण नव्हे, ते किनाऱ्यावरचे रोजचे काम आहे. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकावयाचे आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढावयाचे. आलेल्या मासळीचे वाटे होतात. ज्याने दोर ओढला त्याला वाटा मिळतो. मला वाटते, मालवणच्या सणांचे मर्म या दोरात आहे. ज्याचा हात लागला त्याचा वाटा, हाच न्याय नारळाच्या खेळाला आहे, माटवीला आहे आणि पालखीलाही आहे.

आता काळ पालटला आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मालवणच्या किनाऱ्यावर परगावची माणसे मोठ्या संख्येने येऊ लागली. त्यात वाईट काही नाही. ज्या घरात पूर्वी मुलाला मुंबईला धाडण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या घराला आज दोन खोल्या भाड्याने देऊन आणि पाहुण्यांना मासळीचे जेवण घालून चार पैसे मिळतात. धोका निराळाच आहे. पाहुणा येतो तो पाहावयास, आणि पाहणाऱ्यांची संख्या वाढली की करणारेही हळूहळू दाखविणारे होतात. मग व्यासपीठ येते, ध्वनिवर्धक येतो, पाहुण्यांची भाषणे येतात, आणि नारळ कानाशी धरून पाहणारा पोरगा मागच्या रांगेत ढकलला जातो. नव्या कार्यक्रमांतही जुना न्याय पाळता येतो, याचे उदाहरण मालवणातच आहे. चिवला किनाऱ्यावर गेली काही वर्षे डिसेंबरात समुद्रातील पोहण्याच्या स्पर्धा भरतात. त्यांत चिमुरडी मुले पोहतात, केस पिकलेली माणसे पोहतात आणि अपंगही पोहतात. हा उपक्रम जुना नाही, पण त्यात उतरणाऱ्याला मान आहे. म्हणून तो मला त्या गावचा वाटतो.

श्रोतेहो, येथून आता पुन्हा भिलाईकडे वळू. आम्हांला समुद्र नाही, तेव्हा नारळी पौर्णिमेला आम्ही नारळ कोणाला अर्पावा? येथील मराठी घरांतून त्या दिवशी नारळीभात होतो, राखी बांधली जाते, आणि दिवस संपतो. परंतु कारखान्याच्या कुंपणापलीकडे छत्तीसगढची खेडी आहेत आणि त्यांच्यापाशी ऋतूंचे भांडार आहे. आपला मराठी श्रावण ज्या अमावास्येनंतर सुरू होतो, त्या अमावास्येला येथे हरेली असते. आपल्याकडे ती आषाढाची अमावास्या, दिव्यांची अवस. येथील पौर्णिमान्त गणनेने तीच श्रावणातली ठरते. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, विळा धुऊन पुजतो, तव्यावर चिले होतात, दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या लागतात आणि मुलांसाठी बांबूच्या गेडी तयार होतात. गेडीवर चढून चिखलातून टकटक करीत चालणारी पोरे पाहिली की कोकणातल्या पागोळ्यांखाली नाचणारी पोरे आठवतात.

पंधरा दिवसांनी पौर्णिमा येते. मालवणात नारळ सागराला अर्पण होतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी येथील मुली भोजली घेऊन तळ्याकडे निघतात. शुक्ल पक्षात टोपलीत पेरलेले आणि अंधारात वाढविलेले गव्हाचे पिवळसर कोंब म्हणजे भोजली. त्यांचे विसर्जन झाल्यावर दोन मैत्रिणी एकमेकींच्या कानांवर ते कोंब खोवतात. तेव्हापासून त्या आयुष्यभर एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत, ‘भोजली’ म्हणूनच हाक मारतात. आणखी पंधरा दिवसांनी पोळा. तो दोन्ही प्रांतांत एकाच दिवशी असतो, आणि मुलांच्या हाती मातीचे बैल येतात. पुढे पौष पौर्णिमेला, धान कोठीत पडल्यावर, छेरछेरा. त्या दिवशी मुले घरोघर जाऊन धान मागतात, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविणे कोणी शिष्टसंमत मानीत नाही. समुद्र नसलेल्या या मुलखालाही ऋतूची अशी भरती-ओहोटी आहे. ती पाहण्यासाठी कुंपण ओलांडावे लागते इतकेच.

सरकारी नोकरीत असल्याने उत्सवांच्या परवानगीचे अर्ज माझ्या नजरेखालून जातात. मंडपाची लांबी-रुंदी किती, ध्वनिवर्धक किती, रस्ता किती अडेल, अशी माहिती त्यांत भरावयाची असते. ती आवश्यकच आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम आजारी माणसाच्या आणि पाळीवरून आलेल्या कामगाराच्या झोपेसाठी आहे. पण हे अर्ज वाचताना मला वाटते की मंडळाने आपल्यापुरता आणखी एक रकाना मनाशी आखावा: या उत्सवात मुलांनी काय करावयाचे आहे? उत्तर ‘खुर्च्यांवर बसून कार्यक्रम पाहावयाचा’ एवढेच निघाले, तर मंडप कितीही मोठा असला तरी काही तरी उणे आहे असे समजावे.

भिलाईला हे अवघड नाही. सप्टेंबरच्या १७ तारखेला कारखान्यांतून विश्वकर्म्याची पूजा होते. हरेलीला नांगर पुजणारा शेतकरी आणि त्या दिवशी यंत्राला हळदकुंकू वाहणारा कामगार यांची श्रद्धा एकाच जातीची आहे. बापाने मुलाला ते नाते समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले. मराठी घरांनी श्रावणात एका टोपलीत गहू पेरावा आणि शेजारच्या छत्तीसगढी मुलीला आपल्या मुलीची भोजली होऊ द्यावे. गणपतीच्या आदल्या दिवशी मुलांना शिवनाथच्या काठाने हिंडवून रानफुले गोळा करावयास लावावे आणि येथल्याच पानाफुलांची माटवी बांधावी. कवंडाळ न मिळाले तर जे मिळेल ते बांधावे; देव रागावणार नाही.

मालवणच्या रापणीत लहान मुलाचा हात दोराला लागला तरी जाळे काही लवकर ओढले जात नाही, हे मोठ्यांना ठाऊक असते. तरीही त्याला कोणी दूर सारीत नाही, आणि संध्याकाळी त्याच्या हातावर चार मासळ्या ठेवल्या जातात. तो त्या आईला नेऊन देतो. त्या दिवसापासून समुद्र त्याचा झालेला असतो. आमच्या पोलादाच्या गावातल्या मुलांनाही कोणता तरी दोर धरावयास मिळावा, एवढेच मागणे मी आपल्यापुढे मांडतो.