ताप हटत नाही? डॉक्टरांना थायरॉईडचं सांगितलंत का?



आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचा ताप तीन आठवडे उतरत नव्हता. संध्याकाळ झाली की अंग तापायचं. तपासणीत हिवताप नाही, टायफॉईड नाही. तीन ठिकाणी इंजेक्शनं घेऊन झाली. गळ्यापासून कानापर्यंत ठणका लागायचा, तर घरचे म्हणायचे, दाढ असेल. त्या बैठकीला यायच्या थांबल्या, तेव्हा आम्ही दोघी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मानेला पुढून हात लावला आणि वहिनी कळवळल्या. रक्त तपासलं. ईएसआर खूप वाढलेला, थायरॉईडचे आकडे बिघडलेले. थायरॉईडच्या गाठीलाच सूज आली होती. सर्दी-तापासारख्या आजारानंतर कधी कधी अशी सूज येते. तिचं औषध सुरू झालं आणि ताप गेला.

मग आम्ही गटात विचारलं. सहा जणी थायरॉईडची गोळी घेतात, पण ताप आला तेव्हा डॉक्टरांना हे एकीनेही सांगितलं नव्हतं!

म्हणून आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या. तापासाठी जाताना गोळ्यांचं पाकीट आणि जुने रिपोर्ट सोबत न्यायचे. मान दुखते का, वजन घटतंय का, धडधडतंय का, हे आपणहून सांगायचं.

थायरॉईड जास्त काम करतं म्हणून कार्बिमॅझोल चालू असेल आणि ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. त्या मोजून घ्यायच्या. उलट, थायरॉईड कमी आहे म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी मात्र तापातही आपल्या मनाने सोडायची नाही.

थायरॉईड वाढलेलं असताना जोराचा ताप, छातीत धडधड आणि असंबद्ध बडबड सुरू झाली, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करायचा.

आणि थायरॉईड आहे म्हणून प्रत्येक ताप त्याचाच, असंही धरून बसायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल तर क्षयरोगाची तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

वहिनी आता दर बैठकीला येतात, आणि कुणी कणकण म्हटलं की आधी विचारतात, "पाकीट पिशवीत टाकलंस का गं?"