परीक्षा मुलांची, कसोटी घराची

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला एक साधा शिक्षक आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. तथापि शालान्त परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षक म्हणून वर्गावर उभे राहण्याचे काम वर्षानुवर्षे मजकडे येत असे. त्यामुळे वर्गातील मुलांचे चेहरे जसे मी पाहिले, तसेच फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या आईबापांचेही पाहिले. खरे सांगावयाचे तर अधिक घाबरलेले चेहरे फाटकाबाहेरच असत. म्हणून आज मुलांना उपदेश न करता त्यांच्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, असे मी ठरविले आहे.

आपली ज्ञाती कारागिरांची. आपल्या आजोबांच्या पिढीत मुलाचे हात कामाला लागले की त्याचे शिक्षण पुरे झाले असे समजत. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची शालान्त परीक्षा प्रथम झाली आणि पुढे अकरावी-बारावीची कनिष्ठ महाविद्यालये गावोगाव निघाली. त्यानंतरच्या अर्धशतकात आपल्या घराघरांत दहावी झालेली मुले-मुली दिसू लागली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या सुखाबरोबर एक दुखणेही घरात शिरले. मुलाचे गुण ही त्याच्या अभ्यासाची नोंद न राहता घराण्याच्या अब्रूचे माप होऊन बसले. निकालाच्या दिवशी मामा, मावशी, शेजारी सारे एकच प्रश्न विचारतात, "किती टक्के?" मुलाला काय आवडते, काय जमते, हे विचारणारा शंभरात एखादा.

या टक्क्यांविषयी एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०१९ साली राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला; २०२० साली तोच ९५.३० टक्के झाला. एका वर्षात महाराष्ट्रातील मुले एकाएकी बुद्धिमान झाली काय? तसे नव्हे. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे शाळेकडे असलेले २० गुण त्या वर्षी काढून टाकण्यात आले होते. पुढील वर्षी ते परत आले. म्हणजे मोजण्याची रीत बदलली आणि आकडा बदलला. पुन्हा, शेकडा प्रमाण काढताना सहापैकी अधिक गुणांचे पाच विषयच धरले जातात. असा हा आकडा. प्रवेशाच्या कामी तो लागतो, म्हणून त्याला मान द्यावा. परंतु मुलाची किंमत त्यावरून करू नये.

आता परीक्षेच्या आधीच्या दिवसांत घराने काय करावे, ते सांगतो. अभ्यास मुलानेच करावयाचा असतो. आपल्या हाती आहे ते घर. त्या घरात तीन गोष्टी असाव्यात. पहिली झोप. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. वाचलेले मनात पक्के होते ते झोपेत. पहाटे चारला उठवून रात्री बारापर्यंत बसविलेले मूल पुस्तकासमोर असते, अभ्यासात नसते. कारागिराला हे निराळे सांगावयास नको; तापलेली वस्तू निवू दिल्याखेरीज तिच्यावर पुढचा हात फिरविता येत नाही. दुसरी गोष्ट शांतता. मुलाने दार लावून बसावयाचे आणि बाहेर आपण दूरचित्रवाणी लावावयाची, किंवा त्याच्या हातातला मोबाइल काढून घेऊन आपण रात्रभर तोच पाहावयाचा, हे न्यायाचे नाही. घरातील साऱ्यांचेच मोबाइल ठरल्या वेळी एका जागी ठेवले गेले, तर मूल तक्रार करीत नाही. तिसरी गोष्ट कान. मुलाला एखादा धडा आपणास समजावून सांगावयास लावा. आपल्याला तो विषय येत नसला तरी चालेल. पुस्तक मिटून आठवून सांगण्याने जितके लक्षात राहते, तितके तेच पान पाच वेळा वाचून राहत नाही. शिवणयंत्रावर बसलेली आईदेखील असा अभ्यास घेऊ शकते.

आणि एक गोष्ट घरात नसावी. ती म्हणजे तुलना. "काकांच्या मुलाला ९४ टक्के पडले" हे वाक्य मुलाला जोर देण्यासाठी आपण उच्चारतो, परंतु त्याने जोर येत नाही. मुलाच्या मनात भावाविषयी अढी मात्र बसते आणि ती पुढे जन्मभर टिकते. अशाने घरे दुरावलेली मी पाहिली आहेत.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवसांचे काम थोडे आहे. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू होतो आणि मुलाने अर्धा तास आधी केंद्रात असावे लागते. म्हणून वाटेचा अंदाज आदल्या दिवशीच घ्यावा. प्रवेशपत्र, दोन पेने, पट्टी-पेन्सिल आणि पाणी रात्रीच भरून ठेवावे. सकाळी नेहमीचेच अन्न द्यावे. त्या दिवशी नवे औषध वा नवा खुराक नको. पेपर सुटल्यावर फाटकातच प्रश्नपत्रिका हिसकावून "हे आले का, ते आले का" अशी उलटतपासणी करू नये. झालेला पेपर आता देवाच्या बापालाही बदलता येणार नाही. उद्याचा मात्र बिघडू शकतो. "चल, जेवून घे" एवढेच त्या वेळी पुरे.

निकालानंतरचा काळ हा माझ्या मते खऱ्या कसोटीचा, कारण तेथे मुलाइतकेच आपलेही काम असते. अकरावीचे प्रवेश पूर्वी केवळ मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या भागांत केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत. २०२५-२६ या वर्षापासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, संकेतस्थळ आरंभीच बंद पडले आणि नोंदणी काही दिवस पुढे ढकलावी लागली. त्या दिवसांत कित्येक घरांत मुलांवरच राग निघाला. यंत्र अडले तर मुलाचा काय दोष? थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात मुलाची माहिती, दुसऱ्यात महाविद्यालयांची पसंती. २०२५ साली किमान एक व कमाल दहा पसंती देता येत होत्या. यातील एक नियम पालकांनी नीट समजून घ्यावा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत त्या मुलाचा विचार होत नाही. म्हणून केवळ नाव मोठे आहे एवढ्यासाठी, रोज दोन गाड्या बदलून जावे लागेल असे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहू नये. मागील वर्षी कोठे किती गुणांवर प्रवेश थांबला ते पाहावे, जाण्यायेण्याचा वेळ व खर्च मोजावा, आणि ही यादी मुलाला जवळ बसवून करावी. अर्ज सायबर कॅफेत भरला तरी परवलीचा शब्द आपल्या वहीत असावा आणि नोंदविलेला मोबाइल क्रमांक घरचाच असावा.

कागदपत्रांची तयारी मात्र निकालापर्यंत ठेवू नये. आपली ज्ञाती इतर मागासवर्गात मोडते. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातील नोंद, जुनी महसुली नोंद असे कागद शोधावयास महिने जातात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपली आहे काय, तेही पाहावे. ही कामे दिवाळीच्या सुटीतच हाती घ्यावीत. विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांनी जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करावा, म्हणजे पुढे व्यवसायशिक्षणाच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ होत नाही.

आता शाखेविषयी. आपल्याकडे एक समज रूढ आहे. हुशार तो विज्ञानाला, मधला वाणिज्याला, उरला तो कलेला, आणि आय.टी.आय.ला गेला तो फुकट गेला. हातांच्या कौशल्यावर ज्यांच्या पूर्वजांनी घरे उभी केली, त्या ज्ञातीने हाताच्या विद्येला फुकट म्हणावे, याचा मला विषाद वाटतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते आणि ती झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. आय.टी.आय.मध्ये एक-दोन वर्षांत विजेचे, यंत्राचे वा वेल्डिंगचे काम शास्त्रशुद्ध शिकून मुलगा आपल्या पायावर उभा राहतो. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला केवळ चार लोकांत सांगता यावे म्हणून विज्ञानाला घालणे, आणि कर्ज काढून लाखांच्या शिकवणीला पाठविणे, यात ना त्याचे हित ना आपले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी-केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, तो दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असे त्यांत सांगितले आहे. सरकारला जे सांगावे लागले, ते आपल्याला आधी उमजावयास हवे होते.

मुलींच्या बाबतीत एक शब्द अधिक. जवळचे महाविद्यालय मुलीला आणि चांगले मुलाला, ही वाटणी अजून काही घरांत आहे. ती सोडावी. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आपल्यासारख्या प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय पद्धतीने मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणात शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. खर्चाची सबब आता उरलेली नाही.

ज्यांना यश आले नाही त्यांच्याविषयी बोलल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय आहे. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. गुणांविषयी शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकन करून घेता येते. वाटा इतक्या आहेत. परंतु निकालाच्या संध्याकाळी त्या मुलाला एकही दिसत नाही. २०२२ साली आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतल्याची सरकारी नोंद आहे. आणि परीक्षेतील अपयश हे कारण लिहिलेले मृत्यू दोन हजारांवर आहेत. त्यांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरी जेवत होता. म्हणून त्या संध्याकाळी मुलाला एकटे सोडू नका, त्याच्या शेजारी बसा. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी अहोरात्र व विनामूल्य चालू असतो; त्यावर पालकांनीही बोलण्यास संकोच करू नये.

अखेरीस मंडळाला एक नम्र विनंती. आजच्या यादीत उच्च गुण मिळविणाऱ्या मुलांची नावे आहेत. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या श्रमांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु परीक्षा मंडळाने गुणवत्ता याद्या केव्हाच बंद केल्या. आपण मात्र त्या या व्यासपीठावर चालू ठेवल्या आहेत. पंचेचाळीस टक्के मिळविलेल्या मुलाचे कुटुंब आज या मेळाव्याला आलेले नाही. ते का आले नाही, हे आपण सारे जाणतो. ज्ञातिसंघ हा सर्वांचा आहे, केवळ नव्वद टक्क्यांच्या वरच्यांचा नव्हे. म्हणून माझी सूचना अशी की, पुढील वर्षापासून दहावीला बसलेल्या ज्ञातीतील प्रत्येक मुलामुलीला निमंत्रण जावे. पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याचा, आय.टी.आय.मध्ये उत्तम काम केलेल्याचा, घरचे काम सांभाळून शिकणाऱ्या मुलीचाही याच व्यासपीठावर सत्कार व्हावा. आणि मे महिन्यात मंडळाच्या कार्यालयात दोन जाणत्या तरुणांनी बसून गरजू कुटुंबांचे प्रवेशअर्ज भरून द्यावेत. त्या कामी रोज सकाळी दोन तास देण्यास मी तयार आहे. मला संगणक येत नाही, परंतु कागद तपासून लावता येतात.

पालकहो, परीक्षा तीन आठवड्यांची असते. मुलाशी आपले नाते जन्माचे असते. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. सर्व विद्यार्थ्यांना माझे आशीर्वाद.