कोरं पत्र



मायबाप हो, काल कीर्तन उठल्यावर हिवरखेडचेच एक बाबा मला भेटले. नोकरीतून निवृत्त झालेले. म्हणाले, "महाराज, पेन्शन हाय, पोरं चांगले हायत, दोन वेळा गरम भाकर भेटते. पण सकाळचे दहा वाजले का समजत नाही, आता जावं कुठं!" रात्री मला झोप आली नाही. पाय दुखतो म्हणणाऱ्याला तेल सांगता येतं. जावं कुठं, याला काय सांगावं? म्हणून आजची सेवा त्या बाबांच्या चरणी.

चांगदेवांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. योगबळानं चौदाशे वर्षं जगले, असं परंपरा सांगते. ज्ञानोबांची कीर्ती कानी आली, पत्र लिहायला बसले, अन् मायन्यावरच अडले. चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं थोर, तीर्थरूप लिहावं तर वयानं लहान! शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताई तो पाहून म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला! ज्ञानोबांनी मात्र कागद फेकला नाही. त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेवपासष्टी. पुढे चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले. शिष्य चौदाशे वर्षांचा, अन् गुरू आपल्या घरच्या शाळेत जाणाऱ्या नातीएवढी! आता सांगा बाप्पा, तुम्ही तर नुसते साठीचे. तुमचं शिकायचं वय निघून गेलं काय?

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी आळंदीला शिकत होतो. माझ्या मायला हरिपाठ तोंडपाठ, पण अक्षर एक ओळखत नव्हती. एकदा मला ताप भरला. मी घरी आंतरदेशीय पत्र टाकलं, 'लय बिमार हावो, दादाले पाठव.' कोणी आलं नाही. पंधरा दिवस अंथरुणावर पडून मी मनातल्या मनात मायशी भांडलो. बरा होऊन घरी गेलो, तर पत्र देव्हाऱ्यात, पोथीखाली ठेवलेलं. फोडलेलंसुद्धा नाही! दादा मजुरीला परगावी गेलेला. म्हटलं, "मायं, कोणाकडून वाचून काहून नाही घेतलं?" ती म्हणाली, "रोज कोणाच्या दारी जाऊ रे? लोक म्हणतील, बुढीले येवढंही समजत नाही. तुह्यं पत्र हाय, येवढं समजलं. रोज हळदकुंकू वाहत होती त्याले."

चांगदेवांचं पत्र कोरं होतं. माझं भरलेलं होतं, पण मायसाठी तेही कोरंच. अन् मायबाप, आमच्या घरापासून चौथ्या घरी एक निवृत्त मास्तर राहत होते. दिवसभर ओट्यावर बसून रस्ता पाहायचे. इकडे वाचणारा रिकामा, तिकडे पत्र न वाचलेलं, मधात फक्त चार घरांचं अंतर! ना तो खाली उतरला, ना ती वर चढली. आज गावोगावी हेच चाललेलं आहे. एकाजवळ वेळ आहे, एकाजवळ गरज आहे, अन् दोघंही आपापल्या घरात एकटे.

हे जुळवता येतं. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथं योगेंद्र बांगर नावाच्या शिक्षकानं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या, सत्तरीच्या, नव्वदीच्या आज्या! गुलाबी लुगडं हाच गणवेश, पाठीला दप्तर, हातात पाटी. शिकवायला गावातलीच सून. म्हणजे घरात सासू, शाळेत विद्यार्थिनी! कशासाठी शिकायचं? पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी. नोकरी तर कोणाला लागायची नव्हती.

आपली तर भूमीच अशी आहे. गाडगेबाबा शेंडगावचे, १८७६ चा जन्म. स्वतः शाळेत शिकले नाहीत, पण जन्मभर शिक्षणासाठी ओरडले. हाती खराटा घेऊन आधी गाव झाडायचे, मग कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. हजारोंचा वर्ग होता तो! तुकडोजी महाराज यावलीचे. त्यांनी ग्रामगीतेचे ४१ अध्याय लिहिले अन् सामुदायिक प्रार्थनेत अख्ख्या गावाला एका रांगेत बसवलं. एकट्यानं तरायचं, हे या मातीनं शिकवलंच नाही.

मग करायचं काय? वर्गणी नको, इमारत नको, अध्यक्ष तर मुळीच नको. अध्यक्ष आला की दोन गट पडतात! हा सभामंडप दहा वाजता रिकामाच असतो. रोज एक तास बसा. मास्तरांनी अक्षर शिकवावं. बँकेत होते त्यांनी पासबुक समजावावं. ज्याला मोबाईल येतो त्यानं परगावच्या नातवाचं तोंड दाखवावं. अन् अंगठा उठवणारा कास्तकार काय नुसता ऐकणार? नाही! त्यानं आभाळ कसं पाहायचं, बियाणं कसं राखायचं, ते मास्तरांना शिकवावं. आज्यांनी जात्यावरच्या ओव्या सांगाव्या, शिकणाऱ्यांनी उतरवून घ्याव्या. म्हणजे कोणी कोणाच्या दारी मागायला गेला, असं होत नाही.

नेम दोनच. एक, इथं सुनेची निंदा करायची नाही. अन् दुसरा, जो तीन दिवस आला नाही त्याच्या घरी चौथ्या दिवशी सगळ्यांनी जायचं. कोणी बिमार असतं, कोणी रुसलेलं असतं, कोणाला वाटतं की आपली वाट पाहणारं कोणी नाही. ती वाट पाहणं हीच देवाची पूजा आहे. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा राहून दुसरं काय करतो?

माझी माय पुढं सही शिकली नाही. मी शिकवायला घेतलं तेव्हा तिचे डोळे गेले होते. तुमच्या मायचे डोळे आहेत तोवर घाई करा.

अन् काल भेटलेले बाबा, कुठं बसले असाल ते ऐका. उद्या सकाळी दहा वाजता कुठं जावं, हे आता ठरलं. इथं या. येताना चष्मा आणा, अन् शेजारच्या एका बुढीला संगं घेऊन या.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!