हेक्टर नसलेल्यांचा पंचनामा

(जेऊर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. आज कविता राहू द्या, हिशेब मांडू.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला. आपल्या करमाळा तालुक्यातनं, माढ्यातनं, मोहोळातनं पाणी घुसलं. लांबोटीपाशी पुणे-सोलापूर हायवे बंद पडला. 7 ऑक्टोबरला सरकारनं 31 हजार 628 कोटींचं पॅकेज काढलं. कोरडवाहूला हेक्टरी 18,500. बागायतीला हेक्टरी 32,500. जमीन खरवडून गेली तर हेक्टरी 47,000 रोख. शेतकऱ्याला हे पुरत नाही, खरं आहे. ज्याची तूर कुजली, ऊस झोपला, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण प्रत्येक आकड्याआधी एक शब्द चिकटलाय : हेक्टरी. ज्याच्या बापजाद्यांना हेक्टर म्हंजे काय ते दुसऱ्याच्या बांधावर वाकूनच कळलं, त्यानं काय मागायचं?

त्याची झोपडी गेली तर 8,000. आणि मजुरी? रानात गाळ आहे तोवर खुरपं घरात पडून, त्याचा रकाना पंचनाम्यात नाहीच. बटईनं रान करणाऱ्याचं तसंच. बियाणं त्याचं, घाम त्याचा, नुकसानभरपाई ज्याच्या नावावर सातबारा त्याची.

मी गोदीत गोण्या उचलतो. गोणी भिजली की सर्व्हेअर धावत येतो, एकेक गोणी मोजतो. गोणीखाली भिजलेला माणूस मोजायला अजून कोणी आलेला नाही. गावात येऊन पाहिलं तर इथंही तेच.

मजूर कधी मोजलाच गेला नाही असं नाही. 1972 च्या दुष्काळात मोजावा लागला. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडत होती, सुकडी खात होती. एवढा जमाव सरकारला दिसला, म्हणून 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. जमीन असो-नसो, मागेल त्याला काम. त्यासाठी पैसा कुठनं? शहरातल्या पगारातनं. व्यवसाय कर 1975 साली त्याच्यासाठीच बसवला. मुंबई-पुण्यात राबणाऱ्या पोरांनो, तुमच्या पगारातनं महिन्याला 200 रुपये कापतात ना, ते ह्या नावानं सुरू झाले. तेव्हा ही भीक नाही, आपल्याच खिशातनं गेलेलं आहे.

आणि 2025 च्या पॅकेजात गंमत बघा. खरवडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतनं 3 लाख, तेही हेक्टरी! भूमिहीनाच्या नावानं उभी राहिलेली योजना, तिथंही फूटपट्टी जमिनीचीच. ती माती माणसाच्या हातानं ओढली की जेसीबीनं, हे आपण विचारायचं. हजेरीपट मागायचा, माहितीच्या अधिकारात मागायचा.

दुसरं, गायरान. 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली. तरी गायरान कसणाऱ्या कितीतरी घरांकडं आज सातबारा नाही. त्यांनी गाव नमुना 1-ई काढून बघावा, अतिक्रमणाची नोंद तिथं असते. नोंद असेल तर अर्जाला जोडा. नसेल तर लेखी मागा.

तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नाव लांबलं) बागायतीच्या बांधावरनं परत जातो. त्याला वस्तीत आणा. पंच म्हणून सही आपल्या पोरांची पाहिजे. पडलेली भिंत, वाहून गेलेली शेळी, भिजलेलं धान्य कागदावर येऊ द्या. शेळीला 4,000 चा दर आहे, पण न लिहिलेल्या शेळीला दर नाही. पंचनाम्याची नक्कल घेतल्याशिवाय त्याला मोटरसायकलला किक मारू देऊ नका. कामाची मागणीही तोंडी करू नका. कागद द्या, तारखेची पोच घ्या. म्हातारीचं बँक खातं आधारला जोडलंय का तेही बघा, यादीत नाव असून पैसा तिथं अडकतो.

ही वही आणलीय. बुडालेली मजुरी लिहायला सरकारचा रकाना नाही, म्हणून आपण आखलाय : घर, माणसं, बुडालेले दिवस, रोजचा दर. तहसीलदाराकडं आपण हीच घेऊन जाणार. सांगा, पहिलं घर कुणाचं लिहू?