शंका विचारण्याचा अधिकार

१९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्याच्या प्रशिक्षण शिबिरांत शिक्षक मुलांचेच प्रयोग स्वतः करीत, चुकत, शास्त्रज्ञांशी वाद घालीत. मासिक बैठकांत ते वर्गातील अडचणी मांडीत. १९७८ मध्ये उपक्रम जिल्हाभर पसरला; २००२ मध्ये शासनाने तो बंद केला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाकडून दरवर्षी किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे. परंतु प्रश्न केवळ तासांचा नाही. ज्याने प्रशिक्षणात निमूटपणे ऐकून घ्यायचे, तो शिक्षक मुलांना शंका घेण्यास कसा शिकवणार? शंका विचारण्याचा हा अधिकार शिक्षक संघटनांनी वेतनवाढीइतक्याच आग्रहाने मागितला पाहिजे.